पांढरीखालचे गाव

मराठी समीक्षेत ‘ग्रामीण’ हा शब्द रुळून आता बराच काळ लोटला. ग्रामीण कथा, ग्रामीण कादंबरी, ग्रामीण बोली यांवर चर्चासत्रे झाली, प्रबंध लिहिले गेले. पण ज्या गावाविषयी हे सारे लेखन झाले ते गाव त्या जागी केव्हा आले, कोणी वसवले, मधल्या काळात कधी उठले होते काय, हा साधा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. गाव असतेच, जसा डोंगर असतो, नदी असते, असे आपण गृहीत धरले आहे. या गृहीतामुळे आपल्या वाङ्मयाच्या वाचनात एक मोठी उणीव राहून गेली आहे, असे मला वाटते. तीन मराठी पुस्तके आणि काही दगड-माती यांच्या आधाराने ती दाखवण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

प्रारंभ अर्थातच त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने केला पाहिजे. १९१५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे; वाचलेले मात्र थोड्यांनी आहे. पुष्कळांची समजूत अशी की हे जुन्या सुखी खेड्याचे गुणगान आहे. प्रत्यक्षात आत्रे यांच्याइतकी कठोर नजर असलेला लेखक त्या काळात दुसरा सापडणे कठीण. वतनाने माणूस कसा आळसावतो, बलुत्याच्या नावाखाली कुणब्याच्या खळ्यावर किती हात पडतात, कारू-नारू आणि फिरस्ते मिळून पिकातला किती वाटा उचलतात, याचा हिशेब ते जमाखर्चाच्या वहीसारखा मांडतात. फिरस्त्यांविषयी त्यांनी लिहिलेला मजकूर आज वाचताना खटकतो. भटक्या माणसाकडे सरकारी अंमलदाराच्या डोळ्यांनी पाहण्याची त्या काळची सवय त्यात स्पष्ट दिसते. तरीही शब्दसंपत्ती, निरीक्षण आणि निर्भीडपणा या तिन्ही दृष्टींनी हे पुस्तक थोर आहे, यात शंका नाही.

मात्र या थोर पुस्तकात एक गोष्ट नाही. आत्र्यांचे गाव जन्मत नाही. पहिल्या पानावर ते तयारच असते. काळी आणि पांढरी, म्हणजे पिकाची जमीन आणि वस्तीची जमीन, ठरलेली, पाटील-कुळकर्णी बसलेले, बारा बलुती जागच्या जागी. पुस्तकाचे नावच पाहा. गाडा म्हटला की चाके, जू, साटा असे सगळे जोडून झालेले असते. उरतो फक्त तो ओढण्याचा प्रश्न. हा गाडा कोणत्या सुताराने, कोणत्या शतकात, कोणाच्या सांगण्यावरून जोडला याची चौकशी आत्रे करीत नाहीत. त्यांना आपल्या काळातला रोग सांगायचा होता, जन्मपत्रिका मांडायची नव्हती, हे मान्य. पण त्यांच्यानंतरच्या लेखकांनी रोगाचे निदान बाजूला ठेवले आणि ‘पूर्वापार’ एवढाच शब्द उचलला.

मौज अशी की हा ‘पूर्वापार’पणा पुरता आपला नाही. १८३० साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील खेडी ही छोटी प्रजासत्ताके आहेत, राज्ये येतात-जातात, खेडी तशीच राहतात, असे मत नोंदवले. ते मत पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत उतरले आणि आपण ते अभिमानाने स्वीकारले. परक्याने केलेली आपली स्तुती तपासून घ्यायची असते, हे त्या वेळी कोणाला सुचले नाही.

२

गाव कायमचे असते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. ‘बेचिराख’ हा शब्द आपण ‘जळून खाक’ या अर्थी वापरतो. त्यातल्या ‘राख’ या अक्षरांनी आपली फसगत केली आहे. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’, म्हणजे जेथे दिवा नाही असे. मुलकी दप्तरात हा नित्याचा शब्द होता. मौजे अमुक, बेचिराग. म्हणजे शिवार आहे, सीमा आहे, नाव आहे; पण संध्याकाळी दिवा लावणारे कोणी नाही. अशी गावे विरळा असती तर दप्तराला त्यांच्यासाठी वेगळा शब्द पाडावा लागला नसता.

तोच प्रकार ‘गतकुळ’ या शब्दाचा. मिरासदाराचा वंश खुंटला किंवा तो परागंदा झाला की त्याची जमीन गतकुळी म्हणून चढत असे. गावच्या थळझाड्यात कित्येक थळांना जी आडनावे चिकटलेली असतात, त्या आडनावाचे घर गावात नसते. आणि उलट बाजूने ‘कौल’ व ‘इस्तावा’ हे शब्द पाहा. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिल्या वर्षी अल्प सारा, मग दरसाल थोडा वाढवीत ठरलेल्या मुदतीने पूर्ण धारा, असा तो करार. ज्या राज्यव्यवस्थेला गाव पुन्हा वसवण्याची इतकी तयार रीत लागते, तेथे गाव उठणे ही रोजची भीती असली पाहिजे.

इतिहासही हेच सांगतो. १३९६च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा मानला आहे. त्यानंतर मुलूख नव्याने वसवावा लागला. १६३० ते १६३२चा दुष्काळ गुजरात-दख्खनवर असा कोसळला की त्याने असंख्य वस्त्या रिकाम्या केल्या. खुद्द पुणे कसबा १६३० साली उद्ध्वस्त झाला आणि पुढे दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुन्हा वसला. आपल्या गावांच्या नावांतले ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे फारसी ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ होत. थोरल्या गावातून धाकटे फुटले, ही बहुधा वाटणीची आठवण आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात पाट्यांवर याच शब्दांची ‘बी.के.’ आणि ‘के.एच.’ अशी आद्याक्षरे उरली आहेत. आपल्या जिल्ह्यांतली मुले ती रोज वाचतात आणि त्यांचा अर्थ कोणी सांगत नाही.

३

आता दुसरे पुस्तक. शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मराठीच्या अभ्यासकाने उशाशी ठेवावे असे हे पुस्तक. प्रत्येक लेखाचे वाचन, त्याचा काळ, शब्दांची चिकित्सा, सारे काटेकोर. परंतु तुळपुळ्यांचा रोख भाषेवर आहे. दगड मराठीचे वय सांगतो म्हणून त्यांना तो मोलाचा वाटतो. तो दगड ज्या गावच्या वेशीत वा देवळात उभा आहे त्या गावाचे वय सांगतो, याकडे वाचकाचे लक्ष जात नाही. हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. हे पुस्तक वाचणाऱ्या आपण मंडळींनी ते फक्त भाषेच्या तासापुरते ठेवले, हा आपला दोष.

सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सीना आणि भीमा यांच्या संगमावरचे लहानसे खेडे. पलीकडे कर्नाटक. तेथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा लेख आहे व त्यात मराठी ओळ आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या कालोल्लेखित लेखांत त्याची गणना होते. शेजारचे हरिहरेश्वराचे देऊळ मातीखाली होते. ती माती उपसल्यावर ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग तेथे मिळाले. वर्तमानपत्रांनी ‘आद्य मराठी’ म्हणून गाजावाजा केला. पण मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. हजार वर्षांपूर्वी या संगमावर देऊळ बांधण्याइतकी ऐपत होती, शिक्षित लेखक होता, कोरणारा होता. मग नंतर असे काय झाले की एवढे मोठे देऊळ मातीने भरून जाईपर्यंत कोणी ती माती काढली नाही? भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण हा प्रश्न विचारीत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यांत याहून अवघड प्रश्न उभा राहतो. नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह श्रीनिवास रित्ती आणि ग. चिं. शेळके या दोघांनी मिळून १९६८ साली प्रसिद्ध केला. एक कानडी विद्वान, एक मराठी. आणि त्यातले कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले पुष्कळ लेख कानडीत. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. आज त्या गावात मराठी चालते, आसपास तेलुगू चालते, आणि दगडावर कानडी आहे. मग हे गाव कोणाचे?

सीमावादाच्या सभांत हा प्रश्न नेहमी वकिली पद्धतीने सोडवला जातो. एक बाजू आपल्या भाषेचा लेख पुढे करते, दुसरी आपला. श्रवणबेळगोळच्या मराठी ओळी आम्ही दाखवायच्या, होट्टलच्या कानडी ओळी त्यांनी. दगडाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा प्रकार मला मान्य नाही. लेखाची भाषा ही बहुधा दानपत्र लिहिणाऱ्या राजकचेरीची भाषा असते. चुलीपाशी काय बोलत होते ते तिच्यावरून सिद्ध होत नाही. उद्या कोणी आपल्या साताबाऱ्यातले ‘खाते’, ‘जमाबंदी’, ‘पीकपाहणी’ हे शब्द मोजून गावाची भाषा ठरवू लागला तर आपण हसू. अशा लेखांत खरे वाचायचे असते ते वेगळेच. देवाला किती मत्तर जमीन दिली, फुलांचा मळा कोणत्या ओढ्याकाठी, घाण्यामागे किती तेल नंदादीपासाठी. म्हणजे त्या दिवशी त्या जागी काळे रान होते, पाणी होते, तेली होता, आणि अखंड दिवा तेवत ठेवण्याची तजवीज होती. पाच-सात शतकांनी त्यांतल्याच एखाद्या गावापुढे मुलकी लेखनिक ‘बेचिराग’ लिहितो. या दोन दिव्यांच्या मध्ये गावाचा खरा इतिहास आहे.

आपल्या दुभाषी घरांतून बोलले जाणारे शब्द याला दुजोरा देतात. ‘वीरगळ’ यातला ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड. आपण ज्याला मारुतीच्या पाराजवळचा शेंदूर फासलेला देव म्हणतो, तो पुष्कळदा असा वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई, बहुतेक वेळा गुरे सोडवण्यासाठी झालेली. मधे अप्सरा वीराला नेत आहेत. वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. मरणारा कोण भाषेचा होता हे दगडाने सांगितलेले नाही. तो गावासाठी मेला एवढे सांगितले आहे.

४

कागदाकडे वळू. सीमाभागातल्या माणसाला आपल्या गावाचा निजामी किंवा त्याआधीचा कागद पाहायचा तर हैदराबादेत तारनाक्याला जावे लागते. तेथे तेलंगणाचे राज्य पुराभिलेखागार आहे. तारनाका या नावाचा अर्थ लोक सांगतात तो सरळ आहे. तारेचे कुंपण आणि तेथली चौकी. उस्मानिया विद्यापीठाच्या कडेने वाढलेली ही वस्ती. तिचे नाव शंभर-दीडशे वर्षांच्या आतले, आणि उकलायला सोपे. त्या नाक्यावरच्या इमारतीत मात्र शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळापासूनचे दख्खनचे फारसी कागद आहेत. निजामी अमलात दफ्तर-ए-दिवाणी आणि दफ्तर-ए-माल अशी दोन दप्तरे होती. पहिले रायरायां या मराठी घराण्याकडे, दुसरे मालवाला या कायस्थ घराण्याकडे. फारसी लिपीत, मराठी माणसाच्या देखरेखीखाली, तेलुगू-कानडी-मराठी गावांचे हिशेब! आपल्या द्वैभाषिक जिल्ह्यांचे याहून नेमके चित्र कोणते?

पण कागदाचीही एक मर्यादा आहे. कागदाला गाव दिसते ते धारा देते तेव्हाच. कागदातला पहिला उल्लेख म्हणजे जन्मतारीख नव्हे. ती शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेसारखी असते. मूल त्याआधी घरात रांगत होतेच. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने मराठी कागद वाचून दाखवून दिले की बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा नोकर नव्हता, तो सबंध गावाचा होता. त्यांचे मध्ययुगीन दख्खनवरचे लेख १९९१ साली ग्रंथरूपाने आले. आत्र्यांनी डोळ्यांनी पाहिलेले कागदाने असे पक्के केले. तरीही गाव कसे सुरू झाले हे कागद सांगू शकला नाही. त्यासाठी मातीतच जावे लागेल.

५

आपण मातीत गेलो नाही असे नाही. पण फार घाईने खाली गेलो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी केले. तेथे सातवाहनांपासून बहामनी काळापर्यंतचे थर मिळाले. रोमन वळणाच्या पोसायडनच्या मूर्तीचे छायाचित्र प्रत्येक पुस्तकात असते. त्याच टेकाडात मिळालेल्या बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या कोणाच्या स्मरणात नाहीत. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. परदेशी प्रवासवर्णनांत त्याचे नाव आहे, चापेकरांनी १९५८ साली तेथे उत्खनन केले, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचे संग्रहालय झाले. तेथे गेलेला पाहुणा सातवाहनांची हस्तिदंती बाहुली पाहतो आणि परततो. पण गोरोबाकाकांचे तेर कोठे आहे? तेराव्या-चौदाव्या शतकातले ते कुंभाराचे गाव, त्याची भट्टी, त्याच्या मडक्यांचे खापर, ते वरच्या थरात होते. सातवाहनांपर्यंत पोचण्यासाठी उपसली जाते ती माती हीच.

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात व्हॅरम पर्सी नावाचे उठून गेलेले खेडे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांच्या कुरणासाठी तेथली शेवटची घरे हटवली गेली. उभे राहिले ते एक पडके चर्च. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात स्वयंसेवक घेऊन ते खेडे उकरले. तेथे राजा नव्हता, सोने नव्हते. कुणब्याचे घर किती लांब, कोणत्या पिढीत त्याने भिंत कोठे सरकवली, हे त्यांनी शोधले. १०८६च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत नाव आले म्हणजे गाव पूर्वापार, अशी तेथेही समजूत होती. अशा उत्खननांनी ती मोडली. विखुरलेल्या वस्त्या एकत्र येऊन गाव बनणे ही नवव्या ते बाराव्या शतकांतली घडामोड होती, आणि कित्येक ठिकाणी ती आखून केलेली होती. इंग्रजांनी आपले खेडे असे तपासले. आपल्याकडे मात्र मेटकाफचे मत ठेवून गेले.

६

तिसरे पुस्तक ललित आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेल्या तरुण मास्तराची ही कथा. समीक्षकांनी तिच्यातली निरागसता, निसर्ग, बोली यांविषयी भरभरून लिहिले आहे. मला तिचा शेवट नेहमी अधिक मोठा वाटत आला आहे. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे एकेक करून निघून जातात आणि वाडी रिकामी होते. मास्तरने आणि वाडीने मिळून उभारलेली तालीम मागे उरते. म्हणजे मराठीतल्या एका उत्तम ग्रामीण कादंबरीचा विषय गावाचे असणे नसून गावाचे उठणे हा आहे. ‘गावगाडा’त जे नाही ते माडगूळकरांनी सांगितले, आणि कसलेही विधान न करता. ज्या समीक्षेने गाव स्थिर मानले तिला हा शेवट केवळ करुण वाटला. तो दख्खनच्या सहा शतकांचा अनुभव आहे हे तिच्या लक्षात आले नाही. गतकुळ, बेचिराग, इस्तावा हे शब्द ठाऊक असलेला वाचक ही कादंबरी मिटवताना पुढचे पानही पाहतो. पाऊस पडेल, कोणी कौल घेईल, त्याच पांढरीवर पुन्हा चूल पेटेल, आणि तिसऱ्या पिढीत नातवंडे सांगतील की आम्ही येथे पूर्वापार आहोत.

७

हा सारा विचार पुस्तकी वाटला तर आपल्याच जिल्ह्यांकडे पाहावे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. आठ हजारांच्या घरात माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरच्या पांढऱ्या मातीचे थर यांनीच घात केला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जुनी गावठाणे तशीच सुटली. आज त्यांवर बाभळी आहेत. ती आपली व्हॅरम पर्सी आहेत. फरक इतकाच की तेथले शेवटचे रहिवासी पाच शतकांपूर्वी गेले, आणि येथले अजून आपल्यात आहेत. कोणत्या बोळात कोणाचा वाडा, आड कोठे, वीरगळ कोठे, हे सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

बाकीच्या गावांतही पांढरी झपाट्याने जात आहे. शेतात टाकायला, घर लिंपायला पांढरीची माती नेणे ही जुनी रीत. पण टोपलीने नेणे वेगळे आणि यंत्राने गढी खणून ट्रॅक्टर भरणे वेगळे. त्या मातीबरोबर बांगडीचे तुकडे, खापर, जळके दाणे सगळे जाते. ती राख आणि ते खापर म्हणजेच ‘गावगाडा’चे न लिहिलेले पहिले प्रकरण होय. आत्र्यांनी ते लिहिले नाही. आपण लिहिण्यापूर्वीच ते शेतात पसरून टाकत आहोत.

मुख्याध्यापक म्हणून एक सूचना करतो. आमच्या भागातल्या शाळांतून ‘माझा गाव’ हा निबंध दरवर्षी लिहून घेतला जातो आणि दरवर्षी त्यात तेच हिरवे रान, तीच खळखळणारी नदी येते. त्याऐवजी नववीच्या मुलांना गावठाणाचा नकाशा काढायला सांगावे. पार, वेस, आड, जुने देऊळ, कोरलेले दगड कोठे ते मांडावे. शेंदूर न खरवडता, दगड न हलवता, त्यांचे रेखाटन करावे. शिवारातल्या थळांची नावे आजोबांकडून लिहून घ्यावीत, मग ती मराठी असोत, कानडी असोत की तेलुगू. कोणतेही नाव ‘शुद्ध’ करू नये. उत्खनन हे तज्ज्ञांचे काम, मुलांनी कुदळ लावायची नाही. पण तज्ज्ञ येईपर्यंत काय कोठे होते याची वही तरी गावात असावी.

आणि समीक्षकांना विनंती अशी की ग्रामीण साहित्यावर लिहिताना लेखकाच्या गावाची पांढरी एकदा पायांनी तुडवून यावी. ‘गावगाडा’ पुन्हा वाचावा, त्याच्या शेजारी तुळपुळ्यांचे लेख आणि रित्ती-शेळके यांचा संग्रह ठेवावा, आणि मग ‘बनगरवाडी’ उघडावी. गाव हे वारशाने मिळते असे आपण समजतो. या पुस्तकांतून आणि या मातीतून मला कळले ते असे की आपल्याकडची गावे पुनःपुन्हा वसवावी लागली. ज्यांनी ती वसवली त्यांत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, तेलुगू बोलणारे होते, आणि दिवा लावताना त्यांना एकमेकांची भाषा आड आलेली दिसत नाही.